वडिलांचा मेडिक्लेम नाकारला. ग्राहक आयोगात वकिलाशिवाय मीच उभा राहू का?

मिरज_जंक्शन

नमस्कार. जरा सविस्तर लिहितो, म्हणजे सल्ला देणाऱ्यांना अंदाज येईल.

वडील ६३ वर्षांचे, एस.टी.च्या वर्कशॉपमधून निवृत्त. फेब्रुवारीत रात्री छातीत दुखायला लागलं म्हणून मिरजेतल्या एका हॉस्पिटलात नेलं. दोन ब्लॉकेज निघाले, त्याच रात्री अँजिओप्लास्टी झाली. बिल ३ लाख ४२ हजार. पाच लाखांची पॉलिसी वडिलांच्या नावावर आहे, वर्षाला साधारण सव्वीस हजार हप्ता, चार वर्षं न चुकता भरलेला. कॅशलेस नाकारलं तेव्हा नातेवाइकांकडून पैसे घेऊन बिल भागवलं. नंतर सगळे कागद पाठवले, तर मे महिन्यात कंपनीचं पत्र आलं: पॉलिसी घेताना उच्च रक्तदाबाची माहिती दडवली, सबब दावा नामंजूर.

त्यांचा आधार म्हणजे डिस्चार्ज कार्डवरची एक ओळ. 'के/सी/ओ एचटीएन, १० वर्षे.' म्हणजे दहा वर्षांपासून उच्च रक्तदाबाचे रुग्ण. वडिलांची बीपीची गोळी सुरू होऊन दोन वर्षंही झालेली नाहीत. त्या रात्री कॅज्युअल्टीत वडील बोलायच्या स्थितीत नव्हते. मी खाली काउंटरवर पैसे भरत होतो आणि माहिती माझ्या चुलत्यांनी दिली. ज्युनिअर डॉक्टरांनी विचारलं, बीपी किती वर्षं? चुलत्यांना वाटलं घरातलं विचारतायत, त्यांनी स्वतःचं सांगितलं, दहा वर्षं. ती ओळ आता आमच्या गळ्यात पडली आहे.

एका वकिलांना भेटलो, माणूस चांगला वाटला. तीस हजार फी, निम्मी आधी. त्यांचं बरोबरच असेल, पण सध्या घरातली परिस्थिती तशी नाही, उसने घेतलेले पैसेच अजून फिटायचेत. ग्राहक आयोगात वकील लागत नाही असं ऐकलं. मी डिप्लोमा केलाय, कारखान्यात सुपरवायझर आहे, लिहिता-वाचता सगळं येतं, पण कोर्टाची पायरी कधी चढलेलो नाही. पॉलिसी वडिलांच्या नावावर असताना मी उभा राहू शकतो का? समोर कंपनीचा वकील इंग्रजीत बोलायला लागला तर? मुळात हे करावं का?

---

जुना_शिरस्तेदार

करावं. तुमच्या प्रकरणात नक्की करावं. का, ते सांगतो.

मी दिवाणी न्यायालयात कारकून म्हणून लागलो आणि शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालो. न्यायाधीशांच्या डायसखाली बसून आयुष्य गेलं. स्वतःचा खटला स्वतः चालवणारी माणसं मी खूप जवळून पाहिली आहेत. पेन्शनीत आल्यावर शेजारपाजाऱ्यांच्या तक्रारींसाठी ग्राहक आयोगातही जाऊन बसतो. त्यामुळे दोन्हीकडचा फरक मला माहीत आहे.

आधी कायद्याचं. स्वतःची बाजू स्वतः मांडण्याचा हक्क तुम्हाला दिवाणी न्यायालयातही आहे, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ३ मध्ये तो स्पष्ट लिहिला आहे. पण हक्क असणं वेगळं आणि निभावणं वेगळं. वाटपाचा दावा, बांधाचं भांडण, मनाई हुकूम, यांत साक्षीदाराचा उलटतपास घ्यावा लागतो, मुद्दे काढले जातात, निशाणी पडलेल्या, म्हणजे न्यायालयाने पुराव्यात क्रमांक दिलेल्या, कागदांनाच किंमत असते. तिथे वकील नसलेला माणूस स्वतःचा सच्चा दावा घालवून बसतो. मी हे होताना पाहिलं आहे आणि खुर्चीमुळे बोलता येत नव्हतं, त्याचं वाईट वाटायचं. फौजदारीत आरोपी म्हणून उभं राहायचं असेल तर वकिलाशिवाय अजिबात जाऊ नका, चेक बाउन्सची केस असली तरी. उच्च न्यायालयाचं तर निराळंच. मुंबई उच्च न्यायालयाचे २०१५ चे नियम आहेत, त्याप्रमाणे पक्षकाराला आधी दोन अधिकाऱ्यांच्या समितीपुढे जावं लागतं, हा माणूस न्यायालयाला नीट सहकार्य करू शकेल का ते ती पाहते, आणि शिस्त पाळण्याची हमीही लिहून द्यावी लागते.

ग्राहक आयोग मात्र तुमच्यासारख्यासाठीच आहे. तिथे तक्रार, लेखी म्हणणं, शपथपत्रं आणि कागद यांवर निकाल होतो. तोंडी साक्ष क्वचित. उलटतपास घ्यायचाच झाला तर बहुतेक लेखी प्रश्नावलीवर होतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तुम्ही जिथे राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, म्हणजे तुम्हाला सांगली. कंपनीचं हेड ऑफिस कुठं का असेना. दिलेला मोबदला, इथे हप्ता, ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. क्लेम साडेतीन लाखांचा असो की तीस, फी आणि अधिकारक्षेत्र हप्त्यावरून ठरतं. ही पद्धत सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये वैध ठरवली आहे.

वडिलांतर्फे तुम्ही उभं राहू शकता. वकील नसलेल्या प्रतिनिधीला ग्राहक आयोगात बाजू मांडता येते, सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये तसा निर्णय दिला आहे, आणि ते प्रकरण आपल्या मुंबईतूनच गेलं होतं. त्याचा धंदा करता येत नाही एवढंच. वडिलांचं सहीचं अधिकारपत्र तक्रारीसोबत जोडा. पण एक ध्यानात ठेवा, तक्रारदार वडीलच. तक्रारीवर आणि पुराव्याच्या शपथपत्रावर सही त्यांची हवी. गोळी कधी सुरू झाली हे त्यांना माहीत, तुम्हाला ऐकून माहीत. ज्याच्या माहितीतली गोष्ट त्यानेच शपथेवर सांगायची.

आता जे मला सगळ्यात कळकळीने सांगायचं आहे ते.

स्वतः उभा राहणारा माणूस हरतो तो कायदा माहीत नसल्यामुळे कमी. हरतो तो सगळं सांगायला गेल्यामुळे. त्याच्यावर अन्याय झालेला असतो, तो पहिल्यापासून सांगू लागतो, एजंट कसा गोड बोलला, आई किती रडली, उसने पैसे कुणी दिले. अध्यक्षांच्या हातात त्याची फाइल असते आणि ते एकच विचारतात, "नामंजुरीचं पत्र कितव्या पानावर आहे?" आणि याला पान सापडत नाही. पिशवीतून कागद काढतो, खाली पडतात, मागे पुढची प्रकरणं थांबलेली. तेवढ्यात कंपनीचा वकील उठून मुदत मागतो आणि पुढची तारीख पडते. खरी बाजू असून त्या दिवशी काहीच पुढे सरकत नाही.

म्हणून लिहायला बसायच्या आधी एक कोरा फुलस्केप घ्या आणि फक्त तारखा लिहा. पॉलिसी सुरू झाली ती तारीख. प्रत्येक नूतनीकरण. बीपीची पहिली चिठ्ठी कोणत्या डॉक्टरांनी कधी दिली. दाखल, ऑपरेशन, डिस्चार्ज. कागद कंपनीला पाठवले ती तारीख, पोच पावती. नामंजुरी. प्रत्येक तारखेपुढे तो कागद फाइलमध्ये कितव्या पानावर आहे ते. मग सगळ्या फाइलला वरच्या उजव्या कोपऱ्यात सलग आकडे घाला, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, आणि सगळ्या संचांत तेच आकडे येऊ द्या. अध्यक्षांच्या हातातलं पान २३ आणि तुमच्या हातातलं पान २३ एकच असलं पाहिजे. हे इतकं साधं आहे की लोक करत नाहीत. ज्यांनी केलं त्यांचं काम वकिलासारखं सुरळीत चाललेलं मी पाहिलं आहे.

तक्रार लिहिताना प्रत्येक परिच्छेदाला क्रमांक आणि एका परिच्छेदात एकच गोष्ट. विशेषणं नकोत. 'कंपनीने निर्दयपणे' लिहू नका, 'कंपनीने अमुक तारखेच्या पत्राने दावा नाकारला, पान १९' एवढंच. भाषा मराठीच ठेवा. समोरच्याला आपल्याकडे 'सामनेवाले' म्हणतात, पुण्यात 'जाबदेणार', मराठवाड्यात 'गैरअर्जदार', काहीही लिहिलं तरी चालतं. शेवटी मागणी स्पष्ट लिहा: क्लेमची रक्कम, नामंजुरीच्या तारखेपासून व्याज, मानसिक त्रासापोटी इतके, तक्रारीच्या खर्चापोटी इतके. वकील नाही म्हणून खर्च मागायचा राहतो लोकांचा. मागितलं नाही तर मिळत नाही.

चुलत्यांचं जे सांगितलंत ते मला फार महत्त्वाचं वाटतं. त्यांचं वेगळं शपथपत्र करा: त्या रात्री मी होतो, मला असं विचारलं, मी माझ्या आजाराबद्दल सांगितलं. आणि त्यासोबत त्यांच्या स्वतःच्या बीपीच्या जुन्या चिठ्ठ्या जोडा, दहा वर्षांपूर्वीची एखादी सापडली तर सोन्याहून पिवळं. नाव वेगळं, आडनाव तेच, आजार तोच. ती ओळ कुठून आली हे कुणालाही समजेल.

तक्रार दाखल करायची मुदत मात्र विसरू नका. नामंजुरीपासून दोन वर्षं. मधे कंपनीला कितीही स्मरणपत्रं पाठवलीत तरी ती दोन वर्षं लांबत नाहीत.

---

मुठेकाठचा

वरचं सगळं पटलं, पण आधी विमा लोकपाल, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी सोडवणारा अधिकारी, का नको? सांगलीसाठी पुण्याचं कार्यालय. फी नाही, आणि तिथे वकील चालतच नाही, कंपनीचासुद्धा. ५० लाखांपर्यंतचे दावे घेतात. आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करायची, महिनाभर वाट बघायची, मग कंपनीच्या अंतिम नकारापासून एक वर्षाच्या आत लोकपालांकडे. निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, तुम्हाला पटला नाही तर तुम्ही पुढे ग्राहक आयोगात जाऊ शकता. फक्त आयोगात आधी तक्रार टाकलीत तर लोकपाल घेत नाहीत, म्हणून क्रम हाच ठेवा.

माझ्या सासूबाईंच्या मोतीबिंदूच्या क्लेमला मी हेच केलं. व्हिडिओवर सुनावणी झाली, त्या पलंगावर बसून बोलल्या.

---

वकील_शाहूपुरी

मी वकील आहे आणि मीही म्हणतो, हे प्रकरण तुम्ही चालवू शकता. मुठेकाठचा यांचा क्रमही बरोबर, दोन वर्षांचं घड्याळ मात्र लोकपालांकडे असतानाही चालूच आहे असं धरून चाला.

कायद्याच्या चार गोष्टी, कारण नेटवर शोधून निकालांचा ढीग जोडण्याची सवय पक्षकारांना असते आणि त्यात न लागणारे निकाल जास्त असतात.

नामंजुरीचं पत्र शब्द न् शब्द वाचा. कोणतं कलम लावलंय? आधीच्या आजाराचा प्रतीक्षा कालावधी (सुरुवातीची जी वर्षं त्या आजाराचा खर्च मिळत नाही), की माहिती दडवल्याचं कलम? चार वर्षं झाल्याने प्रतीक्षा कालावधी संपलेला असणार, म्हणून ते दडवल्यावर आलेत. पत्रात जे कारण नाही ते कंपनीला नंतर आयोगापुढे आणता येत नाही. सौराष्ट्र केमिकल्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हे स्पष्ट केलं आहे. लेखी म्हणण्यात नवीन कारण दिसलं की हा निकाल दाखवा.

दडवलं हे सिद्ध करण्याची जबाबदारी कंपनीची. पॉलिसीच्या आधीची एखादी चिठ्ठी, तपासणी, औषधाचं बिल त्यांनी आणलं पाहिजे. डिस्चार्ज कार्डवरची एक ओळ, ती लिहिणाऱ्या डॉक्टरांच्या शपथपत्राशिवाय, पुरेशी नाही असे राष्ट्रीय ग्राहक आयोगाचे निर्णय आहेत.

प्रपोजल फॉर्मची, म्हणजे पॉलिसी घेताना भरलेल्या अर्जाची, प्रत कंपनीकडून लेखी मागा. हा कागद बहुतेक घरांत नसतो आणि सगळं त्यावर असतं. बीपीच्या प्रश्नापुढे काय लिहिलंय, 'नाही' की रेघ, की कोरं? अक्षर कुणाचं? फॉर्म इंग्रजीत आणि वडिलांची सही मराठीत असेल तर खाली 'मजकूर समजावून सांगितला' असं प्रमाणपत्र भरलेलं आहे का ते पाहा. कंपनीने पॉलिसीआधी वैद्यकीय तपासणी केली असेल तर तो अहवालही मागा. प्रकृती तपासून पॉलिसी दिल्यावर त्याच स्थितीवर बोट ठेवून दावा नाकारता येत नाही, मनमोहन नंदा प्रकरण, डिसेंबर २०२१.

आता जे तुम्हाला लागू नाही ते. सलग ६० महिन्यांनंतर दडवल्याचं कारण सिद्ध झालेल्या फसवणुकीखेरीज चालत नाही, हा २०२४ चा नियम, पण तुमची चारच वर्षं आहेत. आणि सुलभा मोटेगावकर प्रकरण, २०१५. ते सगळे जोडतात. तिथे लपवलेला आजार पाठीच्या मणक्याचा होता आणि मृत्यू हृदयविकाराने, दोन्हींचा संबंध नव्हता. बीपी आणि हृदय यांचा संबंध नाही असं तुम्ही म्हणूच शकत नाही. तो निकाल जोडलात तर कंपनीचा वकील त्यावरच दहा मिनिटं बोलेल आणि तुमचा खरा मुद्दा, म्हणजे ती ओळच चुकीची आहे, मागे पडेल.

पूर्ण केस द्यायला पैसे नसतील तर तयार तक्रार एकदा एखाद्या वकिलाकडून फक्त तपासून घ्या. असं काम करणारे आहेत. शिवाय जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो. वार्षिक उत्पन्न ३ लाखांच्या आत असेल तर, आणि महिला, अनुसूचित जाती-जमाती, अपंग व्यक्ती यांना उत्पन्नाची अट नाही. हेल्पलाइन १५१००.

---

मिरज_जंक्शन

सगळ्यांचे मनापासून आभार. लोकपालांकडून सुरुवात करतो, पण आयोगाचीही तयारी ठेवतो.

प्रपोजल फॉर्मसाठी आजच मेल टाकला. चुलत्यांकडे २०१४ ची चिठ्ठी निघाली! इस्लामपूरच्या डॉक्टरांची, नाव-वय सगळं स्वच्छ. ते शपथपत्र द्यायला लगेच तयार झाले, त्यांना स्वतःलाच फार लागून राहिलं होतं.

दोन अडचणी. हॉस्पिटलवाले इनडोअर पेपर्स, म्हणजे दाखल असतानाचे कागद, देत नाहीत, 'साहेब आले की बघू' चाललंय. आणि मी तिथे उभा राहून नेमकं काय बोलायचं, हे मला अजून डोळ्यांसमोर येत नाही.

---

गोदाकाठ

दादा, मी नाशिकची. मी माझी तक्रार स्वतः चालवली, म्हणून उभं राहण्याचं तेवढं सांगते.

माझ्या बहिणीचं लग्न मे २०२० मध्ये होतं. मंगल कार्यालयाला ऐंशी हजार ॲडव्हान्स दिला होता. लॉकडाउन लागला, लग्न घरच्या घरी झालं, आणि कार्यालयवाले म्हणाले पैसे परत मिळणार नाहीत, पुढच्या वर्षी दुसरं काही कार्य करा. आमच्या घरात दुसरं कार्य नव्हतं. वडील नाहीत, तो पैसा आईच्या शिलाईचा होता. मी सोडणार नव्हते.

पहिल्या दिवशी माझे पाय कापत होते. बाहेर बोर्ड लावलेला असतो, त्यावर आपला नंबर पाहून ठेवायचा. आत जाऊन मागच्या बाकावर बसायचं आणि आपल्या आधीची प्रकरणं ऐकायची. त्यानंच माझी निम्मी भीती गेली. शक्य असेल तर आपली तारीख नसतानाही एकदा जाऊन बसा. मग पुकारा होतो. शिपाई नाव घेतो, "तक्रारदार हजर?" तेव्हा उठून पुढे जायचं आणि म्हणायचं, "हजर, स्वतः." मी एवढंच म्हणाले. तुम्ही म्हणा, "तक्रारदारांचा मुलगा, अधिकारपत्र दाखल आहे."

युक्तिवादाच्या दिवशी मी पाच वाक्यं पाठ केली होती. अमुक तारखेला पैसे दिले, पावती पान ७. अमुक तारखेला सरकारी आदेशाने कार्यक्रमांवर बंदी आली. त्यामुळे सेवा दिली गेली नाही. मी लेखी पैसे मागितले, पान ११. परत दिले नाहीत. बस. मॅडमनी विचारलं, "पावतीवर ना-परतावा छापलंय, त्याचं काय?" हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं, कारण मी घरी स्वतःच कार्यालयवाल्यांची वकील होऊन बसले होते. आईला समोर बसवून त्यांच्या बाजूने जेवढं वाईट बोलता येईल तेवढं बोलून पाहिलं. तुम्ही पण हे करा. वडिलांना विचारा, "तुम्ही डॉक्टरांना दहा वर्षं का सांगितलंत?" ते काय उत्तर देतात ते ऐका. आयोगात पहिल्यांदा ऐकायची वेळ येऊ नये.

ज्या प्रश्नाचं उत्तर येत नाही तिथे मी "पाहून लेखी देते" म्हणाले. त्याला कुणी हरकत घेतली नाही.

व्हॉट्सॲपचे मेसेज लावणार असाल, एजंटबरोबरचे वगैरे, तर त्यासोबत इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र द्या. आता ते भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली असतं. आयोग पुराव्याच्या कायद्यावर अडून बसत नाही, पण समोरचा हरकत घेतो आणि एक तारीख जाते.

आईचे ऐंशी हजार व्याजासकट मिळाले. वेळ गेला, पण मिळाले.

---

जुना_शिरस्तेदार

गोदाकाठ ताई, आईला समोर बसवून तुम्ही जे केलंत ते मी आता सगळ्यांना सांगणार.

मिरजकर, हॉस्पिटलबद्दल. तोंडी मागू नका. लेखी अर्ज द्या, दुसऱ्या प्रतीवर तारीख-शिक्क्यासह पोच घ्या. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांत आहे की रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीने मागणी केल्यावर ७२ तासांच्या आत कागदपत्रं द्यायची. नियम १.३.२, अर्जात तसंच लिहा. वडिलांची सही घ्या, रुग्ण तेच आहेत. घाई करा, कारण आंतररुग्णांची कागदपत्रं तीन वर्षं जपण्याचंच बंधन आहे. कागद हातात आले की दाखल करतानाचं पान काढा आणि 'माहिती देणारा' या रकान्यात कुणाचं नाव आहे ते बघा. तिथे चुलत्यांचं नाव निघालं तर त्यांच्या शपथपत्राला हॉस्पिटलच्याच कागदाचा आधार मिळतो. इलाज करणाऱ्या डॉक्टरांना भेटून, ती माहिती नातेवाइकाने दिली होती, रुग्णाने नाही, असं त्यांच्या लेटरहेडवर मिळतंय का पाहा. डॉक्टर माणूस असतो, नीट सांगितलं तर देतो.

इंग्रजीची भीती काढून टाका. वकील इंग्रजीत बोलला तर अध्यक्षांना नम्रपणे सांगायचं, "सर, मला मराठीत समजावं अशी विनंती आहे." तुम्हाला समजणं हा तुमचा हक्क आहे, उपकार नाही. त्यांचं लेखी म्हणणं इंग्रजीत आलं तर घरी शांतपणे वाचायला वेळ असतोच. त्यातल्या प्रत्येक परिच्छेदाला 'मान्य', 'अमान्य' किंवा 'माहिती नाही' असं वहीत लिहून काढा, प्रत्युत्तराचं शपथपत्र त्यातूनच तयार होतं.

तक्रार ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवरून दाखल करता येते. तरी एकदा आयोगाच्या कार्यालयात जाऊन कागदी संच किती लागतात ते विचारा. प्रत्येक सामनेवाल्यासाठी एक तर लागतोच. तिथल्या कारकुनाशी चांगलं बोला. तो तुमची बाजू घेऊ शकत नाही, पण तक्रारीत काय त्रुटी आहे ते तोच पहिल्यांदा बघतो.

कंपनीकडून तडजोडीची बोलणी आली, मध्यस्थीला पाठवलं, तर जरूर जा. पण 'संपूर्ण व अंतिम' अशा छापील व्हाउचरवर घाईने सही नको. रक्कम, तारीख, व्याज वाचून, घरी विचारून मग. कोऱ्या कागदावर किंवा पुरसीसवर (आयोगाला द्यायच्या लेखी निवेदनावर) तर कुणाच्याही सांगण्यावरून सही करायची नाही.

आणि रोजनामा. दर तारखेला काय झालं ते त्यात लिहिलेलं असतं. त्या दिवशी तुम्ही काय बोललात यापेक्षा रोजनाम्यात काय उतरलं ते पुढे उपयोगी पडतं, म्हणून तो वाचूनच घरी जायचं. समोरच्याने मुदतीचा अर्ज दिला तर त्यावर तुमचं म्हणणं मागतात, आपल्याकडे 'से' म्हणतात. 'हरकत आहे, आधी मुदत दिलेली आहे' असं अर्जावर लिहून सही करायची. पहिल्यांदा मुदत मागितली तर मोठ्या मनाने द्या, तिसऱ्यांदा मागितली तर खर्च मागा.

नोटीस कंपनीला तक्रारीच्या प्रतीसह कधी मिळाली ती तारीख ट्रॅकिंगवरून काढून पहिल्या पानावर लिहून ठेवा. तिथून ३० दिवसांत लेखी म्हणणं द्यायचं, आयोग फार तर १५ दिवस वाढवू शकतो. ४५ च्या पुढे एक दिवससुद्धा नाही, सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ४ मार्च २०२० रोजी हे पक्कं केलं आहे. मोठ्या कंपन्यांकडून हे चुकतं. सेहेचाळिसाव्या दिवसानंतरच्या तारखेला तुम्ही उभं राहून फक्त एवढं म्हणायचं, "सर, नोटीस अमुक तारखेला पोचली, ४५ दिवस संपले, लेखी म्हणण्याशिवाय प्रकरण पुढे चालावं." तसा लेखी अर्ज घरूनच करून न्या, दोन प्रती, आणि पोस्टाच्या ट्रॅकिंगचा प्रिंट मागे टाचून.